ओठांआडचा संकोच

गेल्या वैशाखात आमच्या इंदूरच्या घरी धाकट्या नातवाची मुंज झाली. मातृभोजन आटोपले, भिक्षावळ झाली आणि पंगती बसण्यापूर्वी छायाचित्रकाराने सर्व मंडळींना अंगणातील आंब्याच्या सावलीत एका रांगेत उभे केले. "सगळ्यांनी जरा हसा," असे तो म्हणाला आणि मंडळी हसली. चार दिवसांनी छायाचित्रे घरी आली. ती पाहता पाहता आमची दृष्टी एका ठिकाणी अडखळली. भोवतालचे सगळे मोकळेपणाने हसत असताना तिघींचे तेवढे ओठ झाकलेले होते. आमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, पदराचे टोक ओठांशी धरले होते. सूनबाईंनी मान खाली घातली होती आणि नऊ वर्षांच्या नातीने तळहात तोंडावर ठेवला होता. तीन पिढ्यांच्या तिघी, आणि तिघींचा संकोच एकच. तिघींचेही दात पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले आहेत.

हे छायाचित्र पाहून आम्हांस १९६९ साल आठवले. ताई तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. पाहुणे यायचे असले की आई तिला बजावी, "बोलताना ओठ फार उघडू नकोस गं." दोन ठिकाणांहून निरोप आला की मुलगी सुस्वभावी आहे, पण दात पुढे आहेत. शेवटी ताईनेच धीर करून वडिलांना विचारले की दातांना तार बांधून ते मागे घेता येतात म्हणे, तर आपण चौकशी करावी का? वडिलांनी ओळखीच्या एका वैद्यकीय व्यावसायिकाकडे विषय काढला. त्यांनी उत्तर दिले, "ते लहानपणी करायचं असतं. आता वय निघून गेलं." तेवढ्यावर विषय संपला. आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. आम्ही त्यावर एक विनोद केला, जो आज येथे लिहिण्याची आमची छाती होत नाही.

विशेष असे की त्याच्या दहा वर्षे आधी, ताईचे पुढचे दात नुकतेच आले असताना, आजीने काळजी व्यक्त केली होती. तेव्हा त्याच घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, "अजून लहान आहे. आपोआप जागेवर येतील." ‘अजून लहान आहे’ आणि ‘आता वय निघून गेले’ या दोन वाक्यांच्या मध्ये ताईची संधी कोठे गेली, ते कोणालाच कळले नाही. पुढे तिचा संसार उत्तम झाला, मुले कर्तबगार निघाली. परंतु ताईचे मोकळे हसणारे छायाचित्र आमच्या घरी एकही नाही.

नातीच्या बाबतीत तरी ही दोन वाक्ये उच्चारायची नाहीत, असे आम्ही ठरवले. तिला व सूनबाईंना घेऊन आम्ही एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तेथे जे ऐकले आणि त्यानंतर जे वाचले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या शास्त्राला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ. आणि दात या अर्थाचा ग्रीक शब्द व आपला संस्कृत ‘दन्त’ हे एकाच मूळ कुळातले आहेत. मराठीत ‘दंतव्यंगोपचार’ असा शब्द रूढ आहे, पण त्यातील ‘व्यंग’ आम्हांस रुचत नाही. दात वाकडा असणे हे व्यंग नव्हे. तो पुष्कळदा जबड्याची जागा आणि दातांचा आकार यांचा जमाखर्च न जुळल्याचा परिणाम असतो. हा उद्योग आजचाही नाही. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूची पट्टी बांधून दात सरळ करण्याची रीत वर्णिली होती. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या व खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दंतरचनेचे तीन वर्ग पाडले. आजही डॉक्टर कागदावर ‘क्लास वन’, ‘क्लास टू’, ‘क्लास थ्री’ असे जे लिहितात ते त्यांचेच वर्गीकरण होय. दाढा ठीक बसतात पण पुढे दाटी आहे तो पहिला वर्ग. खालची दंतपंक्ती मागे राहिली आहे तो दुसरा. आणि ती पुढे गेली आहे तो तिसरा.

येथे कोणी म्हणेल की हे सारे दिसण्याचे कौतुक आहे. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात हे खरे. पण माणसाला दोन्ही कामांसाठी एकच बत्तिशी मिळाली आहे. पुढे आलेले दात खेळताना पडल्यास अधिक सहज तुटतात. एकमेकांवर चढलेल्या दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तेथे कीड आणि हिरड्यांचे आजार घर करतात. वरचे दात खालच्यांवर फार खोल उतरत असतील, तर खालचे दात टाळूला टोचून जखम करू शकतात. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एखादा दात किंचित वळलेला आहे, चावण्यास अडचण नाही, स्वच्छता नीट होते आणि त्या व्यक्तीला त्याचे काही वाटत नाही, तर त्या दाताला खुशाल तसाच राहू द्यावा. प्रत्येक वाकडा दात हा रोग नव्हे. मात्र ज्याच्यामुळे एखादे मूल वर्गात तोंड उघडत नाही, तो दात ‘केवळ दिसण्याचा प्रश्न’ म्हणून झटकून टाकण्याजोगाही नव्हे.

तारेने दात हलतो तरी कसा, हे आम्हांस नेहमी नवल वाटे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचे एक अत्यंत पातळ, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे अस्तर असते आणि त्यात तो टांगलेला असतो. त्याला एका दिशेने सौम्य पण सततचा दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरघळते आणि मागे पडलेल्या जागेत नवे हाड तयार होते. म्हणजे दात हाडातून ओढला जात नाही. हाडच त्याला वाट करून देते आणि मागून वाट बुजवते. ही गती महिन्याला सुमारे एक मिलिमीटर असते. जास्त जोर लावून काम लवकर होत नाही. उलट मुळाला इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणून ‘सहा महिन्यांत हमखास’ अशी जाहिरात वाचली की आपल्या मुलाच्या हाडांचा वेग त्या जाहिरातदाराला विचारून ठरलेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता मुलांविषयी. प्रथम तपासणी केव्हा करावी? ऑर्थोडॉन्टिस्टांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला असा की मुलाचे सातवे वर्ष संपण्यापूर्वी एकदा तज्ज्ञाला दाखवावे. सातवेच का? कारण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, पुढचे कायमचे दात डोकावू लागतात आणि पुढे जागा पुरेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. दाखवले म्हणजे तार बांधलीच, असे नव्हे. या वयात बहुतेक मुलांना ‘तूर्त काही नको, वर्षभराने या’ असेच उत्तर मिळते. आणि पालकांनी ते ऐकून ‘फी फुकट गेली’ असे म्हणू नये. थांबायचे आहे हे तज्ज्ञाकडून कळणे आणि आपल्या आळसाने थांबणे यांत पुष्कळ अंतर आहे.

काही गोष्टींना मात्र थांबणे मानवत नाही. पहिली गोष्ट दुधाच्या दाढांची. दुधाचा दात पडला की तो छपरावर फेकण्याची गंमत आपण सर्वांनी केली आहे. त्यामुळे ‘पडणाराच दात, किडला तर काढून टाका’ अशी आपली समजूत होते. वस्तुतः दुधाची दाढ ही मागून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते, रेल्वेत आपण रुमाल टाकून जागा धरतो तशी. आमच्या नातीची खालची दुधाची दाढ सहाव्या वर्षी किडली आणि एका दवाखान्यात ती काढली गेली. रिकाम्या जागेचे पुढे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मागची कायमची दाढ सरकत पुढे आली आणि त्या जागेवर पुढे यावयाच्या दाताची वाट अडली. त्या वेळी तारेचे एक लहानसे कडे, ज्याला स्पेस मेंटेनर म्हणतात, बसवले असते तर जागा राहिली असती. आज ती परत मिळवण्यासाठी निराळे उपकरण लावावे लागले आहे. वाचकांनी हा एक प्रश्न तरी पाठ करावा: "दाढ काढलीत, आता जागेचं काय?"

दुसरी गोष्ट अंगठा चोखण्याची. तीन-चार वर्षांपर्यंत ही सवय पुष्कळ मुलांची आपोआप सुटते. कायमचे दात येऊ लागल्यावरही ती टिकली, तर वरचे दात पुढे ढकलले जातात आणि वरच्या-खालच्या दातांत मोकळी खिडक राहते. अशा मुलाला अंगठ्याला कडू लावून किंवा चारचौघांत हिणवून काही साधत नाही. त्याला विश्वासात घ्यावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांची मदत घ्यावी.

तिसरी गोष्ट जबड्याच्या रुंदीची. वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीवर डबीच्या झाकणासारखी बाहेरून बसली पाहिजे. झाकणच लहान असेल तर दाढा उलट्या बसतात आणि मूल चावताना जबडा एका बाजूस सरकवते. वरच्या जबड्याची दोन हाडे टाळूच्या मध्यरेषेवर जुळलेली असतात आणि ही शिवण पौगंडावस्थेपर्यंत पुरती घट्ट झालेली नसते. तोपर्यंत मध्यभागी स्क्रू असलेली पट्टी बसवून, डॉक्टर सांगतील त्या हिशेबाने घरच्या माणसाने किल्ली फिरवून, जबडा रुंदावता येतो. मोठेपणी हेच काम पुष्कळ अवघड होते व कधी शस्त्रक्रियेवर जाते. तसेच खालचा जबडा पुढे असून दोष मुख्यतः वरचा जबडा मागे राहण्याचा असेल, तर चेहऱ्यावर लावण्याचे एक ओढ-उपकरण दहाव्या वर्षाच्या आत अधिक गुण देते.

उलट एका गोष्टीची भीती मुळीच बाळगू नये. सात ते अकरा या वयात वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट दिसते आणि ते पंख्यासारखे बाहेर झुकतात. आजी-आजोबा धास्तावतात. पण वरचे सुळे खाली उतरताना शेजारच्या मुळांना रेटत असतात, त्याचा हा परिणाम असतो. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे जागेवर आले की ही फट बहुधा आपोआप मिटते. ती मिटवण्यासाठी घरी दातांना रबर बांधण्याचा उद्योग कोणीही करू नये. रबर सरकत हिरडीच्या आत शिरते आणि चांगले दात गमावण्याची पाळी येते.

राहिला प्रश्न पुढे आलेल्या दातांचा, जो आमच्या घरचा वारसा आहे. खालचा जबडा मागे असल्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील, तर मुलाच्या वाढीचा जोर असतो त्या काळात त्या वाढीचीच मदत घेतात. हा काळ मुलींत साधारण दहा ते बारा आणि मुलांत बारा ते चौदा वर्षांचा असतो. त्यासाठी अनेक काढघालीची उपकरणे आहेत. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली योजलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे त्यांपैकी आज बरेच प्रचारात आहे. वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्या एकमेकींवर उतरत्या बसतात आणि मूल तोंड मिटताना खालचा जबडा पुढे धरते. हे याहूनही लवकर, आठव्या-नवव्या वर्षीच करावे काय? आजवरच्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की लवकर सुरू करून पुढे पुन्हा तारेचा दुसरा टप्पा करण्याने, किशोरवयात एकदाच उपचार करण्यापेक्षा, अंतिम रचनेत विशेष लाभ होत नाही; फायदा एवढाच की पडून पुढचे दात तुटण्याचे प्रमाण घटते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नातीच्या बाबतीत सांगितले, "खालची जागा आता परत मिळवू. वरच्या दातांसाठी दोन वर्षं थांबू. तोवर सायकल नि खेळ जपून, आणि मैदानावर दातांना गार्ड घालायचं." घाई नाही आणि विसरही नाही, अशी ही मधली वाट आम्हांस पटली.

बारा-तेराव्या वर्षी, दुधाचे दात पडून गेल्यावर, जी उपचारपद्धती सर्वांच्या परिचयाची आहे ती म्हणजे चिकटवलेल्या ब्रेसेस. प्रत्येक दातावर एक बारीक खाचेचा तुकडा डकवतात आणि खाचांतून तार ओवतात. पूर्वी प्रत्येक दाताला धातूचे कडे चढवावे लागे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या पृष्ठभागावर सौम्य आम्ल लावून त्यावर राळ घट्ट चिकटवण्याची युक्ती दाखवली आणि पुढे त्यातूनच हे तुकडे थेट दातावर डकवणे शक्य झाले. १९७०च्या दशकात निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार आली. ती वाकवली तरी आपल्या मूळ आकाराकडे परत येते आणि येता येता दाताला हळुवार ओढून नेते. एकंदर काळ दीड ते दोन वर्षे, कधी त्याहून अधिक. मध्ये चार ते आठ आठवड्यांनी फेरी. तार बसवल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात, नंतर सवय होते.

जागा फारच अपुरी असेल किंवा दात बरेच मागे न्यायचे असतील, तर सुळ्यामागचे दात काढण्याचा सल्ला दिला जातो. अशा वेळी आपल्या घरांतून एक भीती हटकून डोके वर काढते: वरचा दात काढला की डोळे अधू होतात. दाताची आणि दृष्टीची नस निरनिराळी आहे. दात काढल्याने दृष्टी जात नाही. मात्र दात काढणे खरोखरच अटळ आहे काय, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. एक्स-रे आणि दातांचा साचा समोर ठेवून त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

या काळातील खरी परीक्षा जिभेची असते आणि ती आमच्या माळव्यात जरा कठीणच. कडक शेव, चिक्की, गजक, उसाचे कांडे, सबंध पेरू, दातांनी ओरबाडून खाण्याचे भुट्टे या सर्वांना रजा द्यावी लागते. भुट्ट्याचा कीस चालतो, पोहे चालतात, फळे कापून चालतात. तेव्हा इंदूरकरांवर अगदी उपासमारीची पाळी येत नाही. पण खाण्याहून स्वच्छता महत्त्वाची. तुकड्यांभोवती अन्न साचून राहिले तर तार निघाल्यावर दात सरळ दिसतात खरे, पण त्यांवर पांढरे डाग आणि कीड दिसते. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि फटींसाठी बारीक ब्रश, हे ज्याला जमणार नाही त्याने तार बांधण्याची घाई करू नये.

नातीची तपासणी संपली आणि आम्ही उठलो. तेव्हा सूनबाई जागच्या उठेनात. मग खाली पाहत त्यांनी विचारले, "डॉक्टर, एकोणचाळीसाव्या वर्षी होतं का हे?" आम्ही चकित झालो. गेली तेरा वर्षे त्या आमच्या घरात आहेत, पण ही इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "दातांना पत्रिका नसते. हिरड्या आणि हाड मात्र बघावं लागतं."

छप्पन्न वर्षांपूर्वी ताईला मिळालेल्या उत्तरातील चूक या दोन वाक्यांत आम्हांस समजली. मोठेपणी जबड्याची वाढ थांबलेली असते, म्हणून वाढीला वळण देणारी उपकरणे निरुपयोगी ठरतात. परंतु दाब मिळाला की हाडाने वाट करून देणे हे विसाव्या वर्षी चालते आणि पन्नाशीतही चालते. अट एवढीच की हिरड्यांचा आजार असल्यास तो आधी आटोक्यात आणला पाहिजे, नाही तर तार दातांचा आधारच दुबळा करील. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी आणि तंबाखू-धूम्रपान सोडलेले बरे. दोष दातांचा नसून जबड्याच्या हाडांचाच मोठा असेल, तर तार आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ घालावा लागतो. एरवी पूर्वी अशक्य वाटणाऱ्या कित्येक हालचाली आज हाडात बसवलेल्या तात्पुरत्या बारीक स्क्रूंच्या आधाराने करता येतात.

मोठ्या माणसांना तार दिसण्याची लाज वाटते, म्हणून पर्याय पुष्कळ आहेत. धातूच्या ब्रेसेस सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या ब्रेसेस कमी दिसतात, पण महाग आणि जरा ठिसूळ. दातांच्या आतल्या बाजूने बसवायच्या ब्रेसेस बाहेरून मुळीच दिसत नाहीत; पण जिभेला सुरुवातीस त्रास होतो, खर्च मोठा आणि कौशल्य निराळे लागते. चौथा पर्याय पारदर्शक अलाइनरचा. १९९७ साली स्थापन झालेल्या एका अमेरिकन कंपनीने तो प्रचारात आणला आणि आता आपल्या शहरांतही तो सर्रास मिळतो. दातांवर चढणाऱ्या प्लास्टिकच्या खोळींची ही मालिका असते आणि दर एक-दोन आठवड्यांनी पुढची खोळ घालायची असते. जेवताना ती काढता येते ही सोय. पण दिवसाचे वीस ते बावीस तास ती तोंडात राहिली नाही तर पैसे पाण्यात. साध्या व मध्यम दोषांना हा उपाय चांगला. दात बरेच फिरवायचे किंवा खालीवर करायचे असतील तेथे तारेचा हात अधिक धरावा लागतो.

मात्र हे काम टपालाने करून घेऊ नये. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी घरपोच अलाइनर पाठवीत असे. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली आणि कित्येक ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता, कोणा डॉक्टरचे तोंड न पाहता दात हलवणे म्हणजे घराचा पाया न पाहता भिंत सरकवणे होय.

सूनबाईंच्या हिरड्यांतून रक्त येत असे, म्हणून त्यांचे आधी दोन महिने हिरड्यांचे उपचार झाले. मग त्यांनी साध्या धातूच्या ब्रेसेस निवडल्या. शेजारच्या एका बाईंनी विचारले, "या वयात तार? आता काय लग्न ठरायचंय?" सूनबाई म्हणाल्या, "काकू, लग्न झालंय म्हणूनच आता स्वतःसाठी करतेय." आम्ही दिवाणखान्यात बसून ऐकत होतो आणि आम्हांस फार बरे वाटले.

एक शेवटची, पण सर्वांत विसरली जाणारी गोष्ट. तार काढली म्हणजे उपचार संपले असे नव्हे. हिरड्यांचे तंतू दाताला पुष्कळ काळ जुन्या जागेकडे ओढत राहतात. शिवाय वयोमानाने सर्वांचेच दात थोडे सरकत असतात. म्हणून सरळ झालेले दात तेथेच राखण्यासाठी काढघालीची पट्टी किंवा पुढच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार, म्हणजे रिटेनर, वापरावा लागतो: प्रारंभी डॉक्टर सांगतील तितके तास, पुढे रात्रीपुरता, आणि खरे सांगायचे तर दात सरळ हवेत तोवर. दोन वर्षांचा खर्च आणि कष्ट करून रिटेनर कपाटात टाकणारे पुष्कळ असतात आणि मग ‘उपचार फसले’ म्हणून बोल डॉक्टरांना लागतो.

खर्चाविषयी. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण येथे अक्षरशः लागू आहे. चार पैसे वाचवण्यासाठी अर्धवट शिकलेल्या हाती काम देऊ नये. ऑर्थोडॉन्टिस्ट होण्यास इंटर्नशिप धरून पाच वर्षांच्या बी.डी.एस.नंतर याच विषयात तीन वर्षांची एम.डी.एस. करावी लागते, पाटीवर ती पदवी कोणत्या विषयातील आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही, त्यांनी शासकीय दंत महाविद्यालयाची वाट धरावी. आमच्या इंदुरात ते आहेच. तेथे वेळ अधिक लागतो. परंतु अध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते आणि खर्च पुष्कळच कमी येतो. खाजगी दवाखान्यांतूनही बहुधा हप्त्याहप्त्याने पैसे घेतात. आरंभीच विचारून ठेवावे: एकूण खर्च किती, काळ किती, दात काढावे लागतील काय, काहीच केले नाही तर काय होईल, आणि रिटेनरचे पैसे यात धरले आहेत काय?

घरी आल्यावर आम्ही ताईकडे गेलो आणि डॉक्टरीणबाईंचे बोलणे तिला सांगितले. १९६९ साली वय निघून गेले नव्हते, हेही सांगितले. आणि आम्ही केलेल्या त्या विनोदाबद्दल इतक्या वर्षांनी क्षमा मागितली. ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, दात राहिले असते तसेच, तरी चाललं असतं. पण तेव्हा कोणी एवढं नीट विचारून तरी यायला हवं होतं."

या दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर पुन्हा एकदा सर्वांचे छायाचित्र काढले गेले. नातीने या वेळी तोंडावर हात ठेवला नाही; पट्टी दाखवण्याचा तिला उलट अभिमानच होता. सूनबाईंच्या ब्रेसेस पणत्यांच्या उजेडात चमकल्या आणि त्यांनी त्या झाकल्या नाहीत. त्या दोघींकडे पाहून ताईला हसू आवरेना. तिचा पदर नेहमीच्या सवयीने ओठांशी गेला खरा, पण तेवढ्या हसण्याला तो पुरला नाही.

वाचकांच्या घरी सात वर्षांचे मूल असेल तर या सुट्टीत त्याला एकदा दाखवून आणावे. आणि त्याला घेऊन जाताना, घरातील आणखी कोणी अनेक वर्षे मनातल्या मनात हाच प्रश्न बाळगून आहे काय, तेही विचारून घ्यावे.